चाकाखालचा गोटा

रविवारची दुपार. जेवणं उरकून शालनबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या होतात. झोप लागली म्हणावं, तर शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. जाग म्हणावी, तर डोळे उघडत नाहीत. नवरा गेल्यापासून, दोन वर्षं, ही असलीच अर्धीमुर्धी झोप.

तेवढ्यात त्या फळ्यापुढे उभ्या असतात. नववीचा वर्ग, बल आणि गतीचा धडा. बावीस वर्षं शिकवताहेत, तोंडपाठ आहे मेला. पण आज बाकांवर पोरं नाहीत, आंब्याच्या पेट्या आहेत. आणि शेवटच्या बाकावर दिनकरराव बसलेत, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून. गेलेला माणूस वर्गात कसा, हे बाईंच्या मनातही येत नाही.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो. तू शिकव की."

त्या शिकवतात. भिंत कितीही ढकला, ती हलली नाही तर कार्य शून्य.

"म्हणजे घाम गाळला तो फुकटच?" दिनकरराव विचारतात. हयातीतही अशीच चेष्टा करायचे. बाईंना हसू येतं, किती दिवसांनी येतं.

मग उतार, मग घर्षण. गोल वस्तू लवकर का गडगडते, इथं आल्यावर त्यांची जीभ अडखळते.

वर्गाची फरशी चढाला लागलीय. खडूची डबी घरंगळत निघते, बाई तिच्यामागे जातात, आणि पायाखाली घाटातला रस्ता येतो. मे महिना. कोकणातून आंबा भरून आणलेला त्यांचाच टेम्पो, चढावर तापून उभा. हँडब्रेक ढिला, म्हणून दिनकररावांनी बायकोला सांगितलंय, मागच्या चाकाला दगड लाव, आणि स्वतः मागं जाऊन पेट्यांची दोरी आवळताहेत. दगड कसा हवा? चपटा, कडा असलेला. हे ड्रायव्हरच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही. शालनबाईंनी लावला ओढ्यातला गुळगुळीत गोटा, हाताशी होता म्हणून. घर्षण शिकवणारी बाई! आणि गेल्या तोंड धुवायला. टेम्पो दिनकररावांसकट दरीत गेला, आणि लोकांनी हँडब्रेकला बोल लावला. गोट्याचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण टेम्पो अजून उभा आहे. म्हणजे अजून काही झालेलं नाही! बाई धावत मागं जातात, टेम्पोच्या मागच्या फळीला दोन्ही हात लावतात.

"अहो, बाजूला व्हा. मी लावलेला दगड गोल आहे."

"माहितीय," दिनकरराव गाठ मारता मारता म्हणतात. "मी बघितला होता."

"मग बदलला का नाही?"

"तू लावला होतास ना. म्हटलं, बाईंना त्यातलं कळतं."

शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. टेम्पो मागं रेलतो. त्या सगळा जीव एकवटून ढकलतात, टाचा खडीत घसरताहेत, तळहात सोलवटताहेत.

"सोड शालन. हात दुखतील."

"नाही सोडणार."

"सोड गं."

आवाज आता खालून, दरीतून येतो. बाई मान वळवतात. मागं कुणीच नाही, दोरीचं टोक तेवढं हलतंय.

त्यांचे डोळे उघडतात. दोन्ही तळहात भिंतीला दाबलेले. कुकरचा आवाज केव्हाच थांबलाय. खरंच बघितला होता का त्यांनी तो गोटा, की आपलंच मन आपल्याला खातंय? विचारायचं कुणाला? बाई हात समोर धरतात. मनगटापर्यंत भिंतीचा चुना लागलाय. भिंत होती तिथंच आहे.

त्या हात पुसत नाहीत. पुन्हा दोन्ही हात भिंतीला लावतात आणि जोर करतात.