चुरमुऱ्यांचा पंचनामा

वसंतराव कंधारकर गाणी चुरमुऱ्यांनी ऐकत. कान होते त्यांना, चांगले मोठे होते, वारा सुटला की काका थोडे जमिनीपासून वर उचलले जात. पण आवडत्या बँडचा नवा अल्बम आला की ते आपला लाकडी स्पीकर फरशीवर उताणा निजवत, त्यावर स्टीलचं ताट ठेवत, ताटात मूठभर चुरमुरे पसरत आणि आवाज असा सोडत की हैदराबादेतल्या आमच्या नारायणगुड्यातली कबुतरं सिकंदराबादेत जाऊन उतरत. ड्रम वाजले की चुरमुरे थुईथुई नाचायला लागत. काका शेजारी मांडी घालून, हातात सहा इंची पट्टी घेऊन बसत आणि प्रत्येक गाण्याला चुरमुरा किती उडाला ते मोजत.

"अर्धा इंच! लिही, गाणं पहिलं, जमीन कसदार."

मी लिहून घेई. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असे, म्हणजे अल्बम आधी माझ्या डोक्यावर पडे आणि मग जगाच्या कानावर. एका रविवारी भांडायला म्हणून तावातावाने वर गेलो आणि पंच होऊन खाली आलो.

पंच, कारण काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी साखळी टाकून अर्धा तेलंगणा मोजला होता. मोजायला जमीन उरली नाही तेव्हा गाणी घेतली. प्रत्येक अल्बमचा रीतसर पंचनामा व्हायचा, खाली दोन पंचांच्या सह्या. कुणी "काय भारी वाजवलंय!" म्हणालं की काका हात वर करत. "मत नक्को, माप सांग."

बँडचं नाव 'द टायर्ड पोस्टमेन'. काका त्यांना टपालवाले म्हणत. तरुणपणी आईसाठी भजनाची कॅसेट आणायला ते सिकंदराबादेत गेले होते आणि दुकानदाराने पाकिटात भलतीच कॅसेट घातली. घरी लावली, तर आई म्हणाली, "बुवांचा घसा बसलाय का रे?" काका जे तिथे बसले ते चाळीस वर्षं उठलेच नाहीत.

टपालवाल्यांचा अल्बम शुक्रवारी जगभर यायचा. आमच्याकडे तो रविवारी सकाळी दहाला, आंघोळी उरकून, धुतलेले कपडे घालून ऐकायचा. मधले दोन दिवस फोन बंद. "दुसऱ्याचं उष्टं मत कानात पडू द्यायचं नाही," असा दंडक. एकदा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये चोरून अर्धं गाणं ऐकलं, तर रविवारी काकांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि मला परत आंघोळीला पाठवलं.

दुसरे पंच नरसिंगराव. कुकटपल्लीचे, काकांच्याच खात्यातले. साखळीचं एक टोक काकांनी धरायचं, दुसरं नरसिंगरावांनी, अशी नोकरी गेली. घरी तेलुगू, बाहेर सगळ्यांशी दखनी. टपालवाल्यांचं वेड त्यांना काकांनीच लावलं होतं, कुठल्याशा तालुक्यात तंबूत बसून.

मग भांडण लावणारा तो अल्बम आला. मी तेव्हा नवखा पंच. सगळी गाणी संथ, हळुवार. ड्रमवाला बहुधा रजेवर होता. चुरमुरे ताटात असे बसून राहिले, जसे जेवणानंतर कचेरीतले कारकून. काकांनी पट्टी खाली ठेवली आणि सांगितलं, "लिही. जमीन पडीक. गवताची काडी नाही."

नरसिंगरावांचे डोळे भरून आले होते. ते ताडकन उठले. "क्या बात कररा वसंता! ऐसा गाना जिंदगी में नै सुना मैं. लिखो, सोना है सोना!"

"चुरमुरा हलला का?"

"चुरमुरे को मारो गोली! कान से सुनो ना मियां!"

काकांचा चेहरा असा लालभडक झाला की काकूंना क्षणभर वाटलं, गॅस बंद करायचा राहिला. "माझ्या कानाचं नाव काढायचं नाही, नरसिंगा!"

नरसिंगरावांनी सही न करता पेन टाकलं आणि तरातरा खाली उतरले. रागाच्या भरात एक चप्पल स्वतःची घातली, एक काकांची. ती बदलायला ते आले नाहीत, मागायला काका गेले नाहीत. अकरा वर्षं दोन घरांत एकेक परकी चप्पल राहिली. काकू दिवाळीला तीसुद्धा पुसून ठेवत.

अकरा वर्षांनी बातमी आली, टपालवाले पुन्हा टपाल टाकणार! काका आनंदाने गच्चीपर्यंत गेले आणि तिथून मलाच हाका मारत राहिले. पण दुसरा पंच कोण? मी ऑफिसातली तीन पोरं सुचवली. काका तिन्ही वेळा म्हणाले, "नक्को." संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात गाठलं.

"तूच जा कुकटपल्लीला. दोघांची सत्तरी उलटलीय. हेही टपाल वेगवेगळं ऐकलं, तर पुढचं येईपर्यंत कोण उरणार आहे? मग ती चप्पल मी कुणाला देऊ?"

मी गेलो. नरसिंगरावांनी दारातच विचारलं, "वो बुलाया क्या?"

"हौ," मी म्हणालो. घरी येऊन काकांना सांगितलं, नरसिंगराव स्वतःहून येतो म्हणालेत. एका दिवसात दोन थापा, आणि दोन्ही बिनव्याजी! माझ्या थापांच्या कारकिर्दीत एवढं पुण्य मला पुन्हा लाभलं नाही.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना नरसिंगराव आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकांची. काकांनी चप्पल पाहिली, माणूस पाहिला आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, ताटाच्या उजवीकडे बसायचं."

"उनकू बोलो, मालूम है," नरसिंगराव मला म्हणाले.

पहिलं गाणं सुरू झालं आणि अहाहा! ड्रमवाला रजेवरून परत आला होता, बहुधा अकरा वर्षांचा पगारही एकदम मिळाला होता. चुरमुरे पाऊण इंच उडाले. दुसऱ्याला इंच. तिसऱ्याला काकूंनी पोळपाट वाजवला. चौथ्याला एक चुरमुरा उडाला तो थेट नरसिंगरावांच्या चहात, आणि काका विसरून ओरडले, "नरसिंगा, कप झाक!" नरसिंगराव विसरून ओरडले, "अरे वसंता, पीने दे!" मग दोघांनाही आठवलं की आपण बोलत नाही, आणि दोघे छताकडे बघू लागले.

पाचवं गाणं लागलं. एक गिटार आणि गाणाऱ्याचा म्हातारा झालेला आवाज. खोली त्या आवाजाने भरून गेली. नरसिंगरावांनी डोळे मिटले. चुरमुरे गप्प बसले. काका ताटाकडे बघत राहिले, मग आमच्या तोंडांकडे. मग वाकून त्यांनी स्पीकरची तार चाचपली.

"बंद का पडलं रे हे?" त्यांनी विचारलं.

गाणं तर चालूच होतं, मोठ्याने.

नरसिंगरावांनी डोळे उघडले. त्यांनी काकांच्या समोर तोंड नेलं आणि सावकाश, ओठ हलवून विचारलं, "वसंता, पिछली बार भी?"

काकांनी मान हलवली. "बारीक आवाज आधीपासूनच गेले होते. नुसती धडधड कळायची. म्हणून तर चुरमुरे काढले." ते पट्टीशी चाळा करत राहिले. "पाहणी करणाऱ्यालाच दिसत नाही, हे कुणाला सांगू? तू कान म्हणालास तेव्हा वाटलं, तुला कळलं."

"नै कळलं रा," नरसिंगराव म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. "साखळी के उस सिरे से इधर का क्या दिखता."

त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं, काकांच्या मागे जाऊन बसले आणि पाठीवर बोटांनी गिटार वाजवू लागले. सूर वर गेला की बोटं मानेपाशी, खाली आला की कमरेपाशी. काकांनी डोळे मिटले.

"हं... वर गेला... उतरला... अरे, हा रडतोय!"

"रोता नै, हँसरा. सीधा बैठ, गुदगुली होरी क्या?"

"होतेय!"

सत्तरी उलटलेला तो माणूस खदाखदा हसत होता आणि डोळे पुसत होता. गाणं संपल्यावर मी वही पुढे ओढली. "काका, माप?"

"लिही, पट्टी अपुरी."

तो पंचनामा मी दुपारी जगभरच्या टपालवाल्यांच्या चाहत्यांच्या गटावर टाकला. तिथे लोक अल्बमवरून एकमेकांच्या उरावर बसले होते. तासाभरात भांडणं थांबली आणि ताटं निघाली. ब्राझीलच्या एकाने मक्याचे दाणे लावून बघितले. जपानी बाईंनी कोरडा भात लावला आणि शितं चिकटली म्हणून काकांची जाहीर माफी मागितली. मी एकही शब्द वाढवून सांगत नाही, फार तर दोन.

सोमवारी नरसिंगराव काकांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. यंत्र बसवल्यावर काकांनी सगळ्यांत आधी ती पहिली कॅसेट लावली. पाच मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "हा गृहस्थ चाळीस वर्षं बेसूर गातोय! तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

"मैं बोला था," नरसिंगराव म्हणाले. "तू तंबू से निकाल दिया."

मग तो भांडणाचा अल्बम ऐकला. काकांनी जुनी वही काढली, 'जमीन पडीक' वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'फेरपाहणी केली. सोनं आहे. चूक मोजणाऱ्याची.' नरसिंगरावांनी अकरा वर्षं रिकाम्या राहिलेल्या ओळीवर सही केली. चप्पल मात्र कुणीच बदलली नाही. दोघे तशाच जोडीने फिरत.

काका गेल्या वर्षी गेले. टपालवाल्यांना कुणी कळवलं नाही, म्हणून त्यांनी यंदा आणखी एक टपाल टाकलं. रविवारी दहाला नरसिंगराव कुकटपल्लीहून चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आले. काकूंनी ताट घासून ठेवलं होतं. तिसरं गाणं अगदी हळू होतं. चुरमुरे गप्प. नरसिंगराव, काका शेवटी शेवटी बसत त्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या पाठीवर बोटं वाजवू लागले.

आणि एक चुरमुरा उडाला. मी पट्टी लावली. पाऊण इंच.

"पंखा चालू आहे," काकू म्हणाल्या.

"मत नक्को," नरसिंगराव म्हणाले, "माप लिखो."

मी लिहिलं. दोन्ही पंचांच्या सह्या झाल्या. पंख्याचा उल्लेख पंचनाम्यात नाही.