परतूरकडचं गाणं आणि श्वास घ्यायची जागा

आधीच सांगून टाकते, ही सहल माझ्या मर्जीने झालेली नाही. विल्सनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या वतीने होकार देऊन मोकळा झाला. पलीकडे त्याची शांताआत्या होती. परतूरजवळच्या तिच्या गावात हंगामाची उपकारस्तुती होती. पीक घरात आलं की एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये जमून देवाचे आभार मानतं, तो हा सण.

"सूनबाईला घेऊन ये. औंदा गाणे तीच सांगंल," आत्या म्हणाली.

"हो आत्या, येतो की!" आमचे यजमान उत्तरले.

तिकडे गाणं 'सांगतात'. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी मागे म्हणायची. पुस्तक कुणाच्या हातात नसतं. आणि माझी अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये माझ्या स्वरतंतूची नस दुखावली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण आवाज घोगरा झाला तो झालाच. अर्ध्या ओळीत हवा संपते आणि वरचा सूर लावला की गळा फाटतो. त्याआधी वीस वर्षं मी पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये गाण्याच्या मंडळींत पहिल्या रांगेत उभी असायचे. खोटं कशाला बोलू, मिरवायचेसुद्धा. आता शेवटच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवते. देवाशी माझं भांडण एवढंच होतं, की अरे, घ्यायचाच होता तर गुडघा घ्यायचास, गळा कशाला घेतलास?

तर मी ठरवलं, जायचं, आत्याच्या तोंडावर सांगायचं की मी गात नाही, जेवायचं आणि परत यायचं.

शनिवारी पहाटे वाकडेवाडीहून एसटी धरली. ज्यांना जायचंय त्यांनी सकाळची पहिली गाडीच धरा, नाहीतर पुण्यातून बाहेर पडण्यातच निम्मा दिवस जातो. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे मी खिडकीत बसले. विल्सनचं म्हणणं, पूर्ण पैसे त्याने भरले तर खिडकी त्याची. मी म्हटलं, तक्रार कर सरकारकडे. कंडक्टर माझा आवाज ऐकून म्हणाला, "ताई, हळदीचं दूध घ्या." मी मान डोलावली. दोन वर्षांत मी एवढी हळद प्यायलेय की लग्नाला उभं केलं असतं तरी चाललं असतं.

नगरला चहा, संभाजीनगरला वडापाव आणि दोन वाजायच्या सुमारास जालना. स्टँडवरून रिक्षाने जुन्या जालन्यात गेलो, आत्याला पातळ घ्यायचं होतं. गल्ली एवढी अरुंद की समोरून धान्याच्या पोत्यांची हातगाडी आली तेव्हा आम्ही दोघं एका दुकानाच्या पायरीवर चढलो आणि चढलोच आहोत तर म्हणून तिथेच खरेदी केली. दुकानदार मोठे अदबशीर गृहस्थ. मी रंग विचारला तर पातळ बाजूला ठेवून म्हणाले, "गला बिलकुल बैठ गया आपका. ज्येष्ठमध घ्या ताई, बराबर होऊन जाईन." विल्सन दुसरीकडे बघून हसत होता. पातळ मात्र छान मिळालं, मोरपंखी, आणि भाव पुण्यापेक्षा बराच कमी. स्टँडबाहेर मोसंब्या घ्यायला विसरू नका. जालन्याची मोसंबी पुण्यात मिळते ती वेगळी आणि तिथे सोलून खाल्लेली वेगळी.

पुढे वाटूरमार्गे परतूरची एसटी. रस्ता आता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणीला बसलेल्या बायका. परतूरहून आत्याच्या गावाला रिक्षा. माणसं भरेपर्यंत ती हलत नाही, हे धरून चाला. आम्ही अकरा जण होतो, शिवाय एक कोंबडी. कोंबडीही उद्याच्या चर्चसाठीच निघाली होती, हे नंतर कळलं.

आत्या दारातच उभी होती. सत्तरीच्या पुढची, काडीसारखी बारीक, आणि कमरेच्या पिशवीत दम्याचा पंप. "सलाम, सलाम. या. पाय धुवा. वाळून गेला रे विल्सन, सूनबाई जेवू घालती का न्हाई?"

मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. "आत्या, उद्या मी गाणी सांगणार नाही. माझा आवाज गेला."

"गेला म्हंजे? बोलून तर राह्यलीस."

"बोलता येतं. गाता येत नाही."

"बरं," आत्या म्हणाली आणि चुलीकडे गेली. एवढ्यावर सुटले? मी दोन वर्षं लोकांना गळा, नस, डॉक्टर असं सगळं समजावत आले होते, आणि इथे नुसतं बरं! खरं सांगते, मला थोडा रागच आला. पण येसराची, म्हणजे भाजल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी पुढे आल्यावर राग फार वेळ धरता येत नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये सराव होता. पत्र्याचं छप्पर, खाली सतरंजी, एक पेटी, एक तबला. वीस-पंचवीस बायामाणसं जमली होती. पेटीवर दानिएलभाऊ, दिवसा खताचं दुकान चालवणारे. जुनं भजन होतं, तुझ्या करुणेची सावली. हे मला लहानपणापासून पाठ. मी भिंतीला टेकून ऐकत बसले.

आत्याने ओळ म्हटली. सगळ्यांनी मागे म्हटली. आणि मी ताठ झाले. 'तुझ्या करु' म्हणून सगळं चर्च थांबलं, सगळ्यांनी मिळून मोठा श्वास घेतला, आणि मग 'णेची सावली'. शब्दाच्या ऐन पोटात! पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. तबलासुद्धा तिथे अदबीने थांबत होता.

मी गप्प बसणार होते. पण वीस वर्षांची खोड जाते कुठे? उठलेच. "थांबा, थांबा. करुणेची हा एक शब्द आहे. तो तोडायचा नाही. श्वास सावलीनंतर घ्यायचा."

सगळ्यांनी आज्ञाधारकपणे माना हलवल्या. पुन्हा सुरुवात झाली. 'तुझ्या करु' आणि सगळं चर्च श्वासाला थांबलं.

"सूनबाई, ते आमच्या गावात असंच हाय," दानिएलभाऊ ओशाळून म्हणाले. "आमाला शिकवलं तसं आमी म्हणून राह्यलो. लहानपणापासून त्याच जागी थांबतो."

"कोणी शिकवलं असं?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या आधी छताकडे बघत होती, मग तिला हसू फुटलं, हसताहसता खोकला आला, पंप ओढला आणि मग म्हणाली, "अगं बाई, ते थांबणं नव्हतंच. मला दम पुरत नव्हता. मी आपली श्वास घ्यायला थांबायची. या येड्यांनी तेबी पाठ केलं!"

चर्च हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. दानिएलभाऊंनी पेटीवर डोकं टेकलं. चाळीस वर्षं अख्खं गाव आत्याच्या दम्यासकट गात होतं आणि आत्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी परतताना मी तिला विचारलं, तेव्हाच दुरुस्त का नाही केलंस?

"कशाला करू?" ती चालताचालता थांबत होती आणि मीही थांबत होते. "जिनिंगमधी कामाला होते मी. कापसाची धूळ खाऊन दमा लागला. वरून आमचे मालक, विल्सनचे मामा, गेले. तवा मी रोज म्हणायची, प्रभू, हा दमा तेवढा घे, मंग बघ तुझे गाणे कसे म्हणते. त्यानं काय घेतला न्हाई. लई भांडले मी त्याच्याशी. मंग एक दिवस म्हटलं, असू दे. मी थांबून थांबून म्हणते, तू थांबून थांबून ऐक. तुला कुठं जल्दी हाय?"

मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, "धरू नको, चालता येतं मला."

रविवारी चर्चमध्ये बाजारच मांडला होता म्हणा. कणसं, कापसाची बोचकी, भोपळे, मोसंब्या, आणि आमच्या रिक्षातली कोंबडी, पाय बांधून वेदीपाशी ठेवलेली. पाळकसाहेबांच्या उपदेशात ती तीनदा ओरडली, आणि तिन्ही वेळा पाळकसाहेब "हो, हो" म्हणून पुढे गेले. मी बायकांच्यात सतरंजीवर बसले होते. कुणी मला पुढे बोलावलं नाही, कुणी आग्रह केला नाही.

मग भजन सुरू झालं. आत्या ओळ सांगत होती. मी इतरांबरोबर मागे म्हणायला लागले, सवयीने नुसते ओठ हलवत. मग जरा आवाज सोडला. 'तुझ्या करु' आणि माझी हवा संपली. बरोबर तिथेच. आणि तिथेच सगळं गाव श्वास घ्यायला थांबलं. मीही घेतला. 'णेची सावली.' ओळ पुरी झाली! दोन वर्षांत पहिल्यांदा माझी एक ओळ पुरी झाली. मला वाटलं, हा योगायोग असेल. दुसरी ओळ म्हटली, तीही पुरी झाली. डोळे कधी भरले कळलंच नाही. शेजारची बाई माझ्या मांडीवर हात ठेवून गातच राहिली.

दुसऱ्या कडव्यानंतर आत्या पंप घेते. हे सगळ्यांना ठाऊक, तेवढा वेळ तबला वाजत राहतो. तो वाजत होता आणि आत्या पंप तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती. बोलावत नव्हती, नुसती बघत होती. मी उठले नाही. बसल्या जागेवरूनच तिसऱ्या कडव्याची ओळ घेतली. प्रत्येक कडवं 'तुझ्या करुणेची सावली'नेच सुरू होतं. 'करु'पाशी थांबले, श्वास घेतला, आणि 'सावली'वर माझा गळा व्हायचा तोच झाला, चर्रकन फाटला, सूर कुठल्या कुठे वर गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि सगळ्या गावाने ती ओळ मागे म्हटली. जशीच्या तशी. 'सावली'वर दीडशे गळे एकदम फाटले. पुरुषांचे, बायकांचे, म्हाताऱ्यांचे, कुणी चेष्टा म्हणून नाही, मनापासून. सांगणारीने असं म्हटलं म्हणजे असंच असणार! मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, पण मी कडवं संपवलं. विल्सन पुरुषांच्या बाजूला रुमाल तोंडाला लावून बसला होता. हसत होता की काय करत होता, ते त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

बाहेर प्रीतिभोजनाच्या पंगतीत आत्याने माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "झालं आता. अजून पन्नास वर्षं ते तसंच म्हणतील बघ."

सोमवारी त्याच रस्त्याने परत. दोघांचा येण्याजाण्याचा खर्च दोन हजारांच्या आत, राहणं-जेवण आत्याकडे, आणि येताना गळ्यात पडलेला भोपळा फुकट. जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. थंडी बेताची असते आणि रस्ते कोरडे.

माझा गळा बरा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, आता होणारही नाही, आणि ते ऐकून अजून वाईट वाटतं. पण जुना आवाज परत दे असं मी देवापाशी मागायचे, ते आता रोज मागत नाही. गेल्या रविवारी पुण्यात पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. पेटीवाल्याला म्हटलं, काळी चार नको, काळी दोन दे. तो दचकला, ती पुरुषांची पट्टी. विल्सन मागून म्हणाला, "ये ये, आमच्या पट्टीत ये." भजन तेच घेतलं. पहिल्या ओळीत शब्दाच्या मध्येच माझी हवा संपली. मी लपवलं नाही, थांबले. मागची मंडळी क्षणभर गोंधळली आणि मग तीही थांबली. मी श्वास घेतला. मागे चाळीस जणांनी घेतला. मग आम्ही पुढे म्हणायला लागलो.