मामांची लाल-निळी पेन्सिल

बावीस वर्षांची असताना मी एकदा फोटोपुरतं लग्न केलं. मुंडावळ्या, शालू, अंतरपाट, अक्षता, सगळं खरं. लग्न तेवढं खोटं. नातवंडांना ही गोष्ट सांगते तेव्हा ती मोबाइल खाली ठेवतात, एवढा तिचा मान आहे. पण ती सांगायची तर आधी पेपरवाल्या मामांबद्दल सांगावं लागतं. त्या लग्नाचा खरा साक्षीदार तोच एक माणूस, आणि तो मांडवात नव्हताच.

ऐंशी सालानंतरचं बदनापूर. स्टेशनाच्या वाटेवर कडुलिंबाखाली एक पत्र्याची पेटी, पेटीवर पेपर आणि पेपरांमागे मामा. चष्म्याला एका बाजूनं दोरा आणि कानावर पेन्सिल. शाळामास्तर वापरतात तशी, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. सकाळी गठ्ठा आला की मामा आधी स्वतः वाचायचे आणि मग एकेक अंक घेऊन खुणा करायचे. खोट्याखाली लाल रेघ, खऱ्याखाली निळी. लाल टोक झिजून बोटाच्या पेराएवढं उरलेलं, निळं जसंच्या तसं. निळी रेघ मिळायची ती बहुतेक निधनवार्तांना.

"मामा, आम्हाला कोरा पेपर देत चला हो," रिटायर झालेले एक हेडमास्तर रोज चिडायचे.

"कोरा पाहिजे तर वही घ्या, गुरुजी. पेपरात आलं म्हंजी खरं झालं का?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, सगळ्यांना नकोसा आणि सगळ्यांना लागणारा.

एकदा पेपरात आलं की वाटूरला एका कोंबडीनं चौकोनी अंडं दिलं. मामा दुसऱ्या दिवशी एसटीनं वाटूरला. संध्याकाळी परत आले ते तणतणतच. "अंडं फुटलं म्हन्ते. कोंबडी पाव्हण्यांनी खाल्ली म्हन्ते. अन् ज्यानं बगितलं तो मानूस गेल्ता पुन्याला!" त्या बातमीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या, एक बातमीला आणि एक बसच्या धक्क्यांना.

पेटीच्या झाकणाला आतून त्यांनी एका पुढाऱ्याच्या बातम्या चिकटवलेल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात घरोघरी नळाला रोज पाणी. चार उन्हाळे, चार बातम्या, हसू तेच, सदरा तेवढा बदललेला. आम्ही बायका तेव्हा दोन-दोन घागरी घेऊन हापशावर भांडत होतो. आजही टीव्हीवर तीच घोषणा नवा सदरा घालून आली की माझा हात आपोआप कानामागे पेन्सिल शोधतो.

तर त्या पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता होता. पांढरा शर्ट, राजदूत मोटारसायकल, आणि बोलणं असं की उकिरड्यावरही बाग दिसावी. मला दिसली. तेव्हा 'डेटिंग' हा शब्द आमच्याकडे आलेला नव्हता. मी टायपिंगच्या क्लासला गाडीनं जालन्याला जायची. तो मामांकडून पेपर घ्यायचा, स्टेशनच्या बाकावर तो उघडून धरायचा आणि त्याच्याआडून माझ्याशी बोलायचा. मी दुसऱ्या टोकाला बसून रुळांकडे बघत उत्तर द्यायची. माझी नात म्हणते, "आजी, किती रोमँटिक!" कसलं रोमँटिक? चार महिने मी एका माणसाच्या नावाखाली पेपराच्या शेवटच्या पानावर प्रेम करत होते. क्रिकेटचं पान होतं ते.

मामांना सगळं दिसायचं. बोलायचे मात्र एवढंच, "त्यो पेपर उलटा धरतो कवाकवा. ध्यान ठेव, माय."

मी काय ध्यान ठेवते? मला वाटलं, म्हाताऱ्याला जळफळाट आहे.

मग पुढाऱ्यानं अंबडच्या बाजूला सामुदायिक विवाह सोहळा ठेवला. पत्रिकांवर, कमानींवर सगळीकडे एक्कावन्न जोडपी छापलेली. आदल्या दिवशी हा स्टेशनवर आला, आणि पेपर न उघडताच बोलायला लागला.

"एक जोडपं कमी पडून राह्यलंय. एका पोरीनं ऐन वेळी न्हाई म्हणलं. साहेबाची इज्जत जाईल. तू फक्त फोटोपुरती उभी राहा."

"तुझ्याबरोबर?"

"मंग कोणाबरोबर? आपल्याला तेवढीच तालीम होईल."

तालीम! या एका शब्दावर मी विकली गेले. घरी सांगितलं क्लासची परीक्षा आहे, आणि गेले. ज्या पोरीनं न्हाई म्हटलं तिचं नाव मला आजही माहीत नाही. त्या अख्ख्या मांडवात शहाणी ती एकटी, आणि ती आलीच नव्हती.

मांडवात बसल्यावर आजूबाजूला बघितलं तर माझ्या डावीकडच्या नवरीला कुणीतरी रडणारं लेकरू आणून दिलं. तिनं ते पदराखाली घेतलं, आणि भटजींचं 'शुभमंगल' चालूच. उजवीकडचा नवरा मागच्या रांगेतल्या आपल्या थोरल्या मुलाला दटावत होता. म्हणजे आकडा भरायला जुनी लग्नं पुन्हा लावली जात होती. पुढारी माइकवर रडवेला होऊन म्हणाला, "ह्या लेकींचा मी बाप." त्या वेळी मी काय करत होते? हसत होते. नवऱ्याकडे बघून, सगळे दात दाखवून. वेडी कुठली!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला निघाले तर मामांनी पेटीपासूनच हात केला. पहिल्या पानावर फोटो. पुढारी, कमान, आणि मधोमध मी आणि तो. खाली ओळ, 'नवदांपत्याचा आनंद'.

आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, हाच पेपर रोज आठ वाजता घरपोच जायचा. आण्णा मारणारे नव्हते. त्यांनी नुसतं जेवण सोडलं असतं आणि टायपिंग बंद करून मिळेल त्या पहिल्या मुलाशी माझं लग्न लावलं असतं. टायपिंगची परीक्षा महिन्यावर होती. तेवढी एकच वाट मला घराबाहेर नेणारी.

"घरी जा," मामा म्हणाले. "पोट दुखून राह्यलंय म्हण अन् पडून राहा."

मी दाराआड उभी होते. आठला मामांची सायकल आली.

"आण्णा, आज पेपर न्हाई. गठ्ठाच आला न्हाई."

सायकलीच्या कॅरिअरवर पोतं होतं, आणि पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून फोटोतल्या माझ्याच मुंडावळ्या बाहेर दिसत होत्या.

उभ्या जन्मात खोटं न बोललेला तो माणूस त्या दिवशी गावातल्या प्रत्येक दारात तेच वाक्य बोलला. दुपारच्या गाडीनं हेडमास्तर जालन्याला गेले तर तिथे तो पेपर चहाच्या टपरीवर पडलेला. बरं झालं, ते पहिलं पान कुणीतरी भजी बांधायला फाडून नेलं होतं. पण मामांचं खोटं उघडं पडलं. संध्याकाळी पेटीजवळ ही गर्दी. "आमची आकाशवाणी खोटं बोलली!" "आता स्वतःखाली रेघ मारा, मामा!" मामा खाली मान घालून सुतळी गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी पेटीवर कुणीतरी लाल खडूनं मोठ्ठं 'खोटं' लिहून ठेवलेलं. त्यांनी ते पुसलं नाही. पावसानंच पुसलं, दोन महिन्यांनी.

आणि तो? आठ दिवसांनी त्याचं लग्न ठरलं, त्याच्या सख्ख्या मामाच्या पोरीशी. लहानपणापासून बोलणं झालेलं होतं म्हणे. मी भर प्लॅटफॉर्मवर त्याचा पेपर ओढून घेतला.

"मी कोण मग तुझी?"

"अगं, तिथं निम्मे लोक फोटोपुरतेच व्हते," तो म्हणाला, आणि वर हसला.

निम्मे! म्हणजे पाप वाटून घेतलं की कमी होतं! मी तो पेपर फाडला, चार वेळा फाडला, आणि जालन्याची गाडी पकडली. परीक्षा पास झाले. पुढे एका शाळेत क्लार्क म्हणून लागले, लग्न केलं तेही बघून, तपासून, आणि एकदाच. तो मात्र दोनदा निवडून आला. मामांची पेन्सिल त्याच्या बातम्यांवरच निम्मी संपली असेल.

मामा गेल्याचं मला पेपरातूनच कळलं. दोन ओळींची बातमी, आणि गावाचं नाव चुकलेलं. मुलीच्या कंपासपेटीतून लाल-निळी पेन्सिल काढून मी गावाखाली लाल रेघ मारली आणि त्यांच्या नावाखाली निळी. मग बराच वेळ तो पेपर कुणाला देववेना.

त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी पेटी बंद केली तेव्हा मी भेटायला गेले होते. घरात पोत्याखालून एक पिवळा पडलेला अंक त्यांनी काढून दिला. बाकीचे जाळले, एवढा ठेवला होता. तोच फोटो. पुढाऱ्याच्या तोंडावर लाल फुली, कमानीवरच्या एक्कावन्नवर फुली, पांढऱ्या शर्टावर तर तीन. खालच्या ओळीवर लाल रेघ. आणि माझ्या चेहऱ्याभोवती मात्र निळं वर्तुळ, नीट, हळूच काढलेलं.

मला राग आला, खरंच. मी म्हटलं, "मामा, हे काय? सगळ्यात मोठं खोटं तर मीच होते की."

मामांनी चष्म्याचा दोरा कानामागे सरकवला.

"न्हाई, माय. समदे फोटोपुरते आल्ते. तू एकटी खरंच हसत व्हती."