दादाची इटालियन

गेल्या महिन्यात पांढुर्ण्याहून भाच्याचा फोन आला, "मावशी, मामा गेले..." मी हातातली भाजी निवडून संपवली आणि मग रडले. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, पण त्याच्यासाठी रडू लगेच येत नाही.

लढाई संपून तो सौसरला परतला तेव्हा मी शाळेत होते. सारं गाव त्याला इटलीचा फौजी म्हणायचं. संध्याकाळी तो मला ओसरीवर बसवून इटालियन शिकवायचा. क्रियापद फोडायचं, तुकड्यागणिक मांडीवर थाप मारायची आणि जोर असेल तिथे थाप मोठी. पार्-ला-नो, म्हणजे ते बोलतात. मोठी थाप 'ला'वर. आ-बि-ता-नो, म्हणजे ते राहतात, तिथे 'ता'वर. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, असं तो छातीठोकपणे सांगायचा. भांडी घासतानाही माझ्या थापा चालू असायच्या. त्याच्याएवढा हुशार माणूस मला जगात दुसरा दिसत नव्हता.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्या सुमारास नागपूरच्या एका मिशन दवाखान्यात इटलीहून नव्यानं आलेल्या सिस्टरांना दुभाषी मुलगी हवी होती. वडील नाहीच म्हणत होते, दादानंच त्यांना राजी केलं. मी तिथे खणखणीत आवाजात सगळं म्हणून दाखवलं. तिथल्या जुन्या, म्हाताऱ्या सिस्टर आधी हसल्या, मग मायेनं म्हणाल्या, "बेटी, इसमें ज़ोर पहले पर है। किताब में ज़ोर लिखा नहीं रहता। तुम्हारे गुरु ने किसी इटालियन को बोलते सुना ही नहीं।"

नोकरी न मिळता परतल्यावर विहिरीपाशी मी दादाला गाठलं. तो खाली बघत म्हणाला, "मी इटलीले गेलोच नाही वं. जबलपूरच्या गोदामातच होतो. कोणाले सांगू नको."

मी नाही सांगितलं. त्याच संध्याकाळी ओसरीवर शेजारी जमले, तेव्हा माझ्यादेखत तो वडिलांना म्हणाला, "मी शिकवून शिकवून थकलो. पोरीनं अभ्यासच नाही केला, मी काय करू?" वडिलांनी त्यानंतर नोकरीचं नाव काढू दिलं नाही. वर्षाच्या आत मोहगावला माझं लग्न लागलं. खोटं मी विसरले असते... ते वाक्य नाही विसरले.

तेरवीला सगळे त्याच्या इटलीचे किस्से सांगत होते. भाचा म्हणाला, "मावशी, तू पण सांग ना."

"तो जबलपूरला होता," मी म्हणाले. "इटलीला कधीच गेला नाही."

भाच्याच्या बायकोनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांना हळूच म्हणाली, "वय झालं न मावशींचं... मनावर नका घेऊ."