सुवर्ण गुणोत्तर आणि एक तसबीर

साठीनंतर, अधिकार नसताना लिहायचे धाडस करते आहे. वाचकांनी क्षमा करावी. मी आयुष्यभर गणित शिकवले. सुवर्ण गुणोत्तरातली चौकट डोळ्यांना सुखावते, असे मुलांना सांगत आले. म्हणून यजमानांच्या वर्षश्राद्धासाठी त्यांचा फोटो फ्रेम करायला दिला, तेव्हा तो कुठे कापायचा याची रेघही पट्टीने मीच आखून दिली. उंचीला रुंदी, साधारण एकास एक पूर्णांक सहा दशांश.

फ्रेमवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याने रेघ पाहिली आणि कटर खाली ठेवला.

“बाई, तुमचं गणित बरोबरच असणार, माझं कधी होतं? पण सर डावीकडं बघतायत. इथं कापलं तर नाकासमोर भिंत येईल. बघतील काय बिचारे?”

मी निरखून पाहिले. डावीकडे रिकामे अंगण होते. फोटो काढला त्या सकाळी, त्या अंगणापलीकडे, चौकटीबाहेर, मी वाळवण घालत उभी होते. ते माझ्याकडे पाहत होते.

“कापू नकोस,” मी म्हणाले.

फोटो आता भिंतीवर आहे, सूत्रापेक्षा बराच रुंद. दोन लांबींचे नाते मला मांडता येते. नजरेला किती अंगण लागते, ते नाही. आपल्या माणसासमोर तुम्ही किती जागा मोकळी सोडली असती?