बंद पाकिटावरची सही

इनास मास्तरांनी माझा एक अख्खा पावसाळा पाकिटं चिकटवण्यात वाया घालवला. मी तेव्हा आमच्या गावच्या बागायतदार सोसायटीत कारकून होतो. नुकतंच लग्न झालेलं, संध्याकाळी घरी जायची घाई. आणि हे गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे बिनपगारी सेक्रेटरी, कचेरीच्या ओसरीवर मांडी घालून बसायचे. खळीने चिकटवलेल्या बंद पाकिटावर टोकदार पेन्सिलीने जोर देऊन सही करायचे. मग पाकीट फाडून आतला कागद उजेडाकडे धरायचे. आत कार्बन घातलेला असे, त्यामुळे वरची सही आतल्या कागदाच्या पाठीवर उमटे. पण 'इ' उमटायचा आणि 'स' जायचा. "परत," म्हणायचे. मी परत पाकीट करायचो.

"मास्तर, आधी कागदावर सही करा, मग पाकीट बंद करा. सगळं जग असंच करतं," एकदा वैतागून मी म्हणालो.

"सगळ्या जगाला कैतान पाटलाच्या विहिरीचा पानी लागत नाय," ते म्हणाले आणि पुढच्या पाकिटासाठी हात पुढे केला.

हे पाण्याचं सांगायला हवं. आमची गावं समुद्राला लागून. फाल्गुन सरला की विहिरी एकेक करून खाऱ्या होतात, आणि खाऱ्या पाण्यावर पानवेल जगत नाही, केळ तर नाहीच. गावात एकच विहीर गोडी राहायची, पाटलांची. त्यावर तेलाचं इंजिन होतं. तिथून निघालेले पाट आजूबाजूच्या वाड्यांत जायचे आणि प्रत्येक पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी एक फळी असायची. पाटील कुणाला वाईट बोलत नसत. कुणाकडे मयत झालं की पहिली माणसं त्यांचीच येत. फक्त एखादी फळी उचलायची राहून जायची. पंधरा दिवस ती राहून गेली की त्या घरचं वर्ष गेलं.

सोसायटी आमची केळी आणि पानं वसई स्टेशनातून मुंबईला धाडायची, अर्नाळ्याहून सुक्या मासळीचं खत आणून सभासदांना द्यायची. चेअरमन अर्थात पाटील. दर खेपेला सभेत हात वर करून निवड व्हायची आणि पाटील खुर्चीतून सगळे हात नीट बघून घ्यायचे.

मास्तरांची एक खोड गावाला ठाऊक होती. टपालवाला गावाची पत्रं त्यांच्या ओसरीवर टाकून जायचा आणि मास्तर ती वाटायचे. पोस्टकार्ड हातात आलं की ते आधी पालथं घालायचे आणि नाव कुणाचं ते बायकोला वाचायला लावायचे. माझ्या बायकोचं माहेर जूचंद्रला. तिने बाळंतपणाला गेल्यावर मला पाठवलेलं कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं ते आढ्याकडे बघत. कार्डात आंबट कैऱ्या संपल्याची बातमी होती!

"वाचलं असतंत तरी काय बिघडलं असतं?" मी म्हणालो.

"जो बघतो त्याला इचारतात," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. शाळेत भांडण झालं, बांधावरून मारामारी झाली, कुणाची सून माहेरी निघून गेली, की लोक त्यांच्याकडे यायचे. हे आपले "मना ठाव नाय" म्हणून मोकळे. मला तो भित्रेपणा वाटायचा आणि रागही यायचा.

त्याच माणसाने एका सभेत उठून मागणी केली की यापुढे चेअरमनची निवड गुप्त मतांनी व्हावी. कागदावर दोन चित्रं, हव्या त्या चित्रावर फुली. पाटील हसून हो म्हणाले. त्यांनी एवढीच अट घातली की खोटे कागद पेटीत पडू नयेत म्हणून प्रत्येक कागदावर सेक्रेटरीची सही हवी, बिनसहीचा बाद. आधी कोऱ्या कागदांवर सह्या करून वाटायला पाटलांनी नकार दिला. सही केलेला कोरा कागद बाहेर जाईल म्हणाले. ते चूक नव्हतं, पण तो पहिला पाटलांच्याच ओसरीवर गेला असता. तेव्हा ठरलं की सभासदाने फुली मारून, घडी घालून कागद आणायचा, मास्तरांनी घडीच्या पाठीवर सही करायची. टेबलाशी पाटलांचा पुतण्या देखरेखीला बसला.

आमची माणसं जन्मभर विडे बांधत आलेली. फ्रान्सूने फुली मारली आणि सवयीने कागदाचा त्रिकोणी विडा करून मास्तरांपुढे ठेवला, टोक आत खोचून! पुतण्याने तो बघितला. मोजणीत विडा उघडला तेव्हा फुली पाटलांच्या विरोधात निघाली. त्या उन्हाळ्यात फ्रान्सूची फळी उचलायची राहून गेली. त्याची केळी उभ्या जागी वाळली आणि तो दुसऱ्याच्या भातशेतीवर मजुरीला चांदीपला गेला.

मास्तर त्या दिवसापासून बंद पाकिटाच्या मागे लागले. कल्पना अशी: सभासदाने पडद्याआड फुली मारून कागद कार्बनसकट पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं. बाहेर येऊन टेबलावर ठेवायचं, मास्तरांनी वरून सही करायची. पुन्हा पडद्याआड जाऊन पाकीट फाडायचं, कार्बन परत द्यायचा, सही उमटलेला कागद पेटीत टाकायचा. सही मास्तरांची, पण कागद त्यांनी बघितलेलाच नाही. पुतण्यानेही नाही.

ऐकायला ठीक. करायला नाकीनऊ आले. कार्बन मोजके होते, तेच ते फिरवून वापरायचे, म्हणून पाकिटात आधीच चिकटवून ठेवता येईनात. गावातल्या बायाबापड्यांना रोज संध्याकाळी बोलावून शिकवायचं. "काळी बाजू मताकडं, करडी आभाळाकडं," मास्तर घोकून घ्यायचे. लोक मान डोलवायचे आणि कार्बन उलटा घालायचे. कुणी कागद कार्बनच्या वर ठेवायचं. एकाने कार्बनच घडी घालून पेटीत टाकला. मी कपाळाला हात लावायचो. मास्तर मात्र फाटक्या कागदांच्या ढिगात बसून म्हणायचे, "परत."

या खेपेला पाटलांसमोर पास्कू उभा होता. सोसायटीने स्वतःची विहीर खणावी, एवढंच त्याचं म्हणणं. माझी मारू आत्या विधवा, पाटलांच्या पाटावर तिची केळीची एक पट्टी, पोट त्यावरच. ती मास्तरांकडे आली तेव्हा मी तिथेच खळ कालवत होतो.

"मत देन मी पास्कूला," ती म्हणाली. "पन कोनाला कळला तर मी मेली, मास्तर."

"मनापन कळनार नाय," मास्तर म्हणाले. "शब्द देतो."

मतदानाचा दिवस रेंगाळला. मी पडद्यापाशी कार्बन देत-घेत उभा होतो. एकेका माणसाला टेबलाशी दोनदा यायचं, त्यात म्हाताऱ्यांची बोटं चिकटायची, पाकिटं फाटायची. पुतण्या जांभया देत होता. बघायला त्याच्यापुढे सारखीच पाकिटं. शेवटी मास्तरांनी आपलंही मत टाकलं, स्वतःच्या पाकिटावर स्वतःच सही करून. सगळे हसले.

मोजणीत दोघं अगदी बरोबरीने चालले होते. पाटील एका मताने पुढे, आणि मास्तरांच्या हातात शेवटचा कागद. फुली पास्कूच्या चित्रावर. म्हणजे बरोबरी, म्हणजे चिठ्ठी टाकायची, म्हणजे निदान आशा! मास्तरांनी कागद उलटा केला. पाठ कोरी होती.

मला लगेच कळलं. कुणाचा तरी कार्बन उलटा गेला होता. सही पाकिटाच्या आतल्या अंगाला उमटली होती आणि ते पाकीट पडद्यामागच्या ढिगात फाटून पडलं होतं.

पाटील उठले. आवाज अगदी मऊ. "मास्तर, गरिबाचं मत फुकट का घालवायचं? ज्याचा कागद असंल त्यानं उठावा, सगळ्यांसमोर सही घ्यावी. माझी हरकत नाय." सभेत कौतुकाची कुजबुज झाली. पाटलांची नजर पुरुषांच्या रांगांवरून फिरत होती. मी सहज बायकांकडे बघितलं. मारू आत्याने जमिनीला हात टेकला होता. ती उठत होती. आपल्या एका चुकीने पास्कू पडतोय, हे तिला सहन होत नव्हतं.

"कोनी उठनार नाय!" मास्तर ओरडले. शाळेतही त्यांना कुणी असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "बसा खाली सगळे! बिनसहीचा कागद बाद, हे सभेत ठरलाय." डोळे कागदावर ठेवूनच त्यांनी त्याचे तुकडे केले आणि डगल्याच्या खिशात कोंबले. "कैतान पाटील निवडून आले."

आत्या बसली. पास्कू टेबलावर हात आपटून बाहेर गेला. त्याच्या माणसांनी मास्तरांना फितूर म्हटलं, आणि पुढे कितीतरी दिवस चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

मी मात्र बोललो, आणि चांगलाच बोललो. अख्खा पावसाळा माझ्या बोटांची सालं निघाली ती याच्यासाठी? जिंकायच्या तोंडावर स्वतःच्या हाताने कागद फाडला! "अहो, बरोबरी झाली असती! आणि ती तर उठतच होती."

"कोन?" त्यांनी विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नको, सांगू नको. तू बघितला. मी कागद बघत होतो. आता तुना इचारतील."

आत्याने मला नंतर खासगीत सांगितलं. पडद्याआड पाकीट फाडल्यावर सही दिसली नाही हे तिच्या ध्यानात आलं होतं. "मना वाटला, मास्तरची सही, असंल कुठंतरी," ती म्हणाली आणि रडली.

त्या उन्हाळ्यात पाटलांची पंचाईत झाली. निम्मं गाव आपल्या विरोधात आहे हे कळलं, पण कुठलं निम्मं ते कळेना. सगळ्यांचं पाणी तोडलं तर आपलीच माणसंही जाणार. फळ्या उचलल्या गेल्या. फक्त एक राहिली, मास्तरांची. त्यांची पानवेल खालून पिवळी पडत वर गेली. म्हातारा खाऱ्या विहिरीतून घागरी आणून ओतायचा. त्याने काही होणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मारू आत्याची पट्टी त्यांच्या वाडीला लागून. एका सकाळी तिने आपल्या पाटाचा बांध खुरप्याने थोडा फोडला. पाणी मास्तरांच्या वेलींकडे निघालं. मी कुंपणाशी उभा होतो. मला एवढं बरं वाटलं! मास्तर आले, वाकले, दोन्ही हातांनी चिखल ओढून त्यांनी बांध बुजवला.

"मारू, तुझा पाट फुटला होता," ते मोठ्याने म्हणाले, रस्त्यावर ऐकू जाईल असं. "ध्यान ठेव." चिखलाचे हात पंच्याला पुसत घरात गेले. असल्या माणसावर प्रेम तरी कसं करायचं, मला समजेना. वेल गेलीच.

दोनेक वर्षांनी मास्तर गेले. सोसायटीची विहीर तोवर झालेली नव्हती. दफनाला सगळं गाव आलं, पास्कूसुद्धा. शवपेटीवर माती टाकून मी बाजूला झालो तर पाटील जवळ आले. त्यांचे डोळे खरंच ओले होते. हात झटकत हळूच म्हणाले, "बाबा, आता तरी सांग. तो बिनसहीचा कागद कोनाचा होता? तू पडद्यापाशी होतास."

मारू आत्या माझ्या डाव्या हाताला उभी होती, मेणबत्ती धरून. तिने ऐकलं होतं. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर सांडत होतं आणि ती बोटं हलवत नव्हती.

"मास्तरांचाच," मी म्हणालो.

पाटील बघतच राहिले. मग त्यांना हसू आवरेना. "अख्ख्या गावाला शिकवला, आनि सोताचाच कार्बन उलटा!" तिथेच त्यांनी ते शेजारच्या दोघांना सांगितलं. ते दोघंही हसले, तोंडावर रुमाल धरून. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पण आत्या जिवंत होती तोवर मी खरं सांगितलं नाही. आमच्या गावात आजही इनास मास्तरांचं नाव निघालं की जुनी माणसं हसतात आणि उलट्या कार्बनची गोष्ट सांगतात.

मास्तर गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यातही मारू आत्याच्या केळींना पाणी मिळालं.