माहेरी गेलेली सून

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी डिचोलीतल्या एका संस्थेत मी समाजसेविका म्हणून लागले. आमच्या कचेरीत कामाचं माप एकच होतं, दिवसात किती घरांना भेटी झाल्या. मी सहा घरं उरकून यायचे. साहेब खूश असत. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वयस्क बाई मात्र दोनच घरं करत. मला त्या संथ वाटायच्या.

लाटंबार्शातल्या एका घरी मी दोनदा गेले होते. पाळण्यात तीन महिन्यांचं मूल होतं. सासूनं चहा दिला. "सून कुळारा गेल्या, बाय," ती म्हणाली. मी भेटीच्या नोंदीत लिहिलं, 'सून माहेरी. कुटुंब सुस्थितीत.'

तिसऱ्या खेपेला बाई बरोबर आल्या. बराच वेळ त्या पाळणा हलवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "भुरग्याक सोडून आवय कुळारा कशी गेली?"

मूल इथं आणि आई माहेरी, हे मला दोन्ही खेपांना खटकलंच नव्हतं. सासू पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

मग तिनं आम्हांला मागच्या बाजूच्या, काजू ठेवायच्या खोलीकडे नेलं. तिथं सून बसली होती, पाय दोरीनं खिडकीच्या गजाला बांधलेला. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं होतं, एकदा विहिरीकडे धावली होती. घरचे भ्याले होते, लाजलेही होते.

मी दारातच थिजले. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हिचो आवाज हांव वळखतां. दोनदां आयिल्ली. हांवें हाक मारली, हिणें आयकली ना."

दोन्ही खेपांना तिनं मारलेली हाक मी ऐकलीच नव्हती. बाई जमिनीवर तिच्याजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला, आणि सासूला दोरी सोडायला सांगितली. त्याच दुपारी आम्ही तिला इस्पितळात नेलं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "तुम्हांला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. विचारलं," त्या म्हणाल्या. "दोनच घरं घेतली की विचारायला वेळ राहतो."

सून चार-पाच महिन्यांत सावरली. मी मात्र आधी उरकलेल्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं ठरवलं. साहेब चिडले, तेव्हा बाई मध्ये पडल्या आणि मला वेळ मिळाला. पेडण्याच्या बाजूच्या एका घरात तिथल्या म्हातारीनं विचारलं, "परत कित्याक आयली?" मी म्हटलं, "मागच्या वेळी मी नीट बसले नव्हते." तिनं पाट पुढे सरकवला.